तीन नंबरची रायफल आणि रुवैसचा जावई

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळे खूश झाले, मी सोडून. मुलात खोट होती असं नाही. खोट नव्हती, हाच तर वैताग. रुवैसच्या रिफायनरीत इंजिनियर, आवाज हळू, शर्टाला इस्त्री, दात असे एका ओळीत की बघून आपलेच ओठ मिटतात. बहिणीची मला काळजी नव्हती. ती इथेच, अबुधाबीत वाढलेली, माझ्यापेक्षा दहापट हुशार, इंग्रजीत भांडते आणि मराठीत जेवते. माझं दुखणं वेगळं होतं. माझं दुखणं म्हणजे काका, तिचे बाबा. शनिवारची सकाळ काकांची आणि माझी होती, आणि आता तिथे हा घुसणार होता.

शनिवारी आम्ही नेमबाजीला जायचो. मी बार्शीहून अबुधाबीला आलो तेव्हा मुसफ्फाला एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत फायली सांभाळायचं काम, शेअरिंगची रूम, आणि ओळखीचं म्हणून एकच घर: अल रीम आयलंडवर मावशीचं. पहिल्या महिन्यात काकांनी सहज विचारलं, शाळेत एनसीसी होती का. मी म्हटलं होती. रायफल चालवलीय का. मी म्हटलं, पाच गोळ्या, त्यातल्या दोन शेजारच्याच्या टारगेटवर. काका इतके हसले की मावशी किचनमधून बघायला आली. पुढच्या शनिवारी ते मला घ्यायला खाली गाडी घेऊन उभे. तेव्हापासून ते माझे आणि मी त्यांचा, असा माझा समज.

इथे आपल्यासारख्यांनी बंदूक घरी ठेवायचा प्रश्नच नाही. क्लबात जायचं, काउंटरवर एमिरेट्स आयडी द्यायचा, त्यांच्या कपाटातली रायफल घ्यायची, नेम मारायचा आणि परत करायची. रायफल म्हणजे पॉइंट टू-टू. गोळी करंगळीच्या पेरापेक्षा बारीक. पिन तिच्या बुडाच्या मधोमध न बसता कडेला बसते, म्हणून रिमफायर. आवाज लडीतल्या एका फटाकडीएवढा, खांद्याला धक्का नावापुरता. एनसीसीत आमच्याकडे बोल्टवाली होती, दर गोळीला ओढा आणि ढकला. ही सेमी-ऑटो. एक दाब, एक गोळी. रिकामी पुंगळी आपोआप बाहेर, पुढची आपोआप आत. म्हणजे तुमच्या हातात उरतं काय, तर फक्त तो एक दाब. आणि तिथेच सगळी गंमत आहे.

क्लबच्या कपाटात तेव्हा चार सेमी-ऑटो होत्या. एकाच कंपनीच्या, दिसायला सख्ख्या बहिणी, पण ट्रिगर प्रत्येकीचा वेगळा. चांगला ट्रिगर म्हणजे कसा, तर बोट ठेवलं की आधी थोडी मोकळी चाल. ती संपली की भिंत. त्या भिंतीला बोट टेकवून निवांत उभं राहता आलं पाहिजे. मग हळूहळू दाब वाढवायचा, आणि भिंत तुटली पाहिजे ती कडक पापड मोडावा तशी, एकदम, मध्ये न सरकता. वाईट ट्रिगरला भिंत नसतेच. पत्र्याची ट्रंक फरशीवरून ओढावी तसा तो खरडत जातो आणि त्याला वाटेल तेव्हा सुटतो. तोपर्यंत तुमचा नेम बाजूच्या देशात.

आता मी पडलो नकलाकार. शाळेत हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे काढायचो. इथे येऊन आमचा लेबनानी मॅनेजर काढला, बिल्डिंगचा वॉचमन काढला, मग ट्रिगर काढायला लागलो. रेंजमास्तर आम्हाला पिवळ्या प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या द्यायचे, कारण रिमफायर रिकामी चालवली की पिन कडेवर आपटून खराब होते. त्या घालून मी एकेक रायफल टारगेटकडे धरायचो, दाबायचो आणि तोंडाने आवाज काढून काकांना सांगायचो. एक नंबर: खर्रर्रर्र, टप. दोन नंबर: मऊ, मऊ, मऊ, अगं बाई सुटली. चार नंबर: म्हशीला उठवायला लागतं तेवढा जोर. आणि तीन नंबर: टिक, थांब, टक्. काकांचे डोळे भरून यायचे हसून. म्हणायचे, लेका, तू कंपनीत वाया चाललास. मग आम्ही तीन नंबर घ्यायचो. दर शनिवारी तीन नंबर. रेंजमास्तर, नेपाळचे जुने फौजी, आम्हाला लांबून बघूनच ती काढून ठेवायचे.

तर हा रुवैसचा पहिल्यांदा आला तो शनिवार. रुवैस काही जवळ नाही, अबुधाबीपासून गाडीने अडीच तास. पहाटे निघून, खजुराचा डबा घेऊन, दाढी करून हजर. काका त्याला घेऊन क्लबात, मी मागच्या सीटवर. मागची सीट ही मला त्या दिवशी कळलेली गोष्ट. तोपर्यंत मी त्या गाडीत मागे कधी बसलोच नव्हतो. एसीचा वारा मागे येत नाही हेही तेव्हाच कळलं.

काउंटरवर रेंजमास्तरांनी तीन नंबर काढली. काकांनी ती घेतली, आणि दोन्ही हातांनी, पूजेचं ताट द्यावं तशी, त्याच्या हातात दिली. म्हणाले, "तुम्ही ही घ्या. हिचा ट्रिगर सगळ्यात चांगला." मला मिळाली चार नंबर. म्हैस.

त्याने आधी कानाला इअरमफ लावले, मग चष्मा, मग नळी टारगेटकडे धरून, आत गोळी नाही ना ते बघितलं, मग पुन्हा बघितलं, मग रेंजमास्तरांना विचारलं की सुरू करू का. रिफायनरीची सवय. मी मनात म्हटलं, हा जेवायच्या आधीपण पोळीचं परमिट घेत असणार. मग त्याने सगळ्या गोळ्या एका दिरहमच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत लावल्या. काका टारगेटचा कागद हातात घेऊन उजेडात धरून बघत राहिले. माझा कागद कोणी मागितला नाही. माझ्या कागदावर गोळ्या अशा पसरल्या होत्या की जणू एकमेकींशी बोलणं बंद आहे.

त्या दिवशी जेवताना मी त्याची नक्कल केली. अगदी समोर. इअरमफ, चष्मा, रायफलीत दोनदा डोकावणं, मग पापडाकडे बघून, "मे आय स्टार्ट?" सगळे हसले. मावशी हसली, बहीण म्हणाली, "ओह माय गॉड, दॅट्स सो हिम." आणि तोही हसला, मनापासून, डोळे पुसत. असा माणूस काय कामाचा? नक्कल करून जो चिडत नाही त्याचा तुम्ही काय बिघडवणार?

पुढे महिनाभर हेच चाललं. तो आला की तीन नंबर त्याची, पुढची सीट त्याची, तळलेल्या सुरमईचा मधला तुकडा त्याचा. काका मला तू म्हणायचे आणि लेका म्हणायचे, त्याला तुम्ही. मी स्वतःला समजवायचो की बाबा रे, तुम्ही म्हणजे पाहुणा, तू म्हणजे घरचा. एवढ्या एका शब्दावर मी तो महिना काढला.

मग क्लबात जोड्यांची मॅच लागली. सभासदांचीच, मैत्रीची, कप वगैरे नावाला. पण नियम मस्त होता: दोघांची जोडी, आणि दोघांना मिळून एकच सेमी-ऑटो पॉइंट टू-टू, क्लबच्या कपाटातली. आधी एकाने मारायचं, मग दुसऱ्याने त्याच रायफलने, गुण एकत्र. कुठली रायफल ते आधीच काउंटरवर सांगायचं, नंतर बदल नाही. काकांना मॅच खेळायची होती हे मला पूर्वीपासून माहीत होतं. जोडीला मी, हे मी विचारलंही नव्हतं. सूर्य उगवणार का असं कोण विचारतं?

त्या रविवारी मावशी भात वाढता वाढता म्हणाली, जावयाला घ्या की जोडीला, त्याला बरं वाटेल. बहीण म्हणाली, "बाबा, प्लीज, ही इज सो इनटू इट." मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय? दोन वर्षं मी या माणसाबरोबर शनिवार काढले, आणि उत्तर बघू.

मग मी ठरवलं की रायफलच अशी निवडायची की माझ्याशिवाय जोडी होऊच शकणार नाही. योगायोगाने क्लबात दोन नव्या सेमी-ऑटो आल्या होत्या, पाच नंबर आणि सहा नंबर, आणि रेंजमास्तर म्हणाले, "साहब लोग, आराम से देख लो." आम्ही तिघं गेलो.

पाच नंबर मी हातात घेतली, पिवळी गोळी घातली, बोट ठेवलं, आणि मला आवाजच काढता येईना. एवढा स्वच्छ ट्रिगर मी बघितला नव्हता. चाल जवळजवळ नाही, भिंत पातळ, आणि तुटायची ती नुसत्या विचाराने. मी काकांना म्हटलं, काका, ही. हिच्यासमोर तीन नंबर म्हणजे बैलगाडी. खऱ्या गोळ्या घालून मारल्या, तर माझा कागद पहिल्यांदा त्या रुवैसवाल्याच्या कागदाशेजारी ठेवण्यासारखा झाला. मी तो खरंच त्याच्या कागदाशेजारी ठेवला.

मग काकांनी घेतली. पहिली गोळी ते नेम धरायच्या आतच सुटली. टारगेटच्या लाकडी चौकटीचा टवका उडाला. दुसरी पण तशीच. काका हसले, म्हणाले, ही जरा उतावळी दिसतेय, गोळ्या पण जुन्या असतील. तर्जनी अंगठ्यावर चोळली, तिच्यावर फुंकर घातली आणि रायफल खाली ठेवली. मी म्हटलं, सवय होईल काका, दोन शनिवारात सवय होईल.

तेवढ्यात तो सहा नंबर चालवून आला. सहा नंबर मी आधीच बाद केली होती. ट्रिगर जड, चाल लांब, भिंत म्हणजे अक्षरशः किल्ल्याची. तो म्हणाला, "काका, मला वाटतं तुम्हाला ही बरी पडेल." काकांनी सहा नंबरने मारलं, आणि गोळ्या पुन्हा कागदावर आल्या, एकमेकींच्या ओळखीच्या असल्यासारख्या.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, याला कळलंय की जड ट्रिगरवर माझा हात बसत नाही. शांतपणे, इस्त्रीच्या शर्टात, मला जोडीतून उचलून बाजूला ठेवतोय. मी त्याला म्हटलं, अहो, रायफल चांगल्या ट्रिगरची निवडतात, भाराची नाही; सिमेंटची पोती उचलायची नाहीयेत. तो म्हणाला, "चांगला म्हणजे कुणासाठी, ते बघायला हवं ना." मी म्हटलं, जिंकण्यासाठी. काका मध्ये पडले, म्हणाले खलास, नंतर ठरवू, भूक लागलीय.

घरी जेवणं झाल्यावर बहिणीने फर्माईश केली, नक्कल कर. मी अजून धुमसत होतो, त्याची करायची सोय नव्हती, कारण तो हसला असता. म्हणून काकांची केली. काकांची माझ्याकडे पहिल्या शनिवारपासूनची आहे, पण दर वेळी नवीन काहीतरी भर पडते. चष्मा नाकावर सरकवणं, घसा साफ करणं, रेंजमास्तरांना "यल्ला", म्हणजे चला, म्हणून खूण करणं, आणि हल्लीची भर म्हणजे तर्जनी अंगठ्यावर चोळायची, तिच्यावर फुंकर घालायची, मग तिच्याकडे असं बघायचं की हिला कुठेतरी पाहिलंय. मावशीला हसून ठसका लागला. काका पण हसत होते. जावई हसला नाही. मला बरं वाटलं, म्हटलं चला, एकदाचा चिडला.

मावशीने रात्रीच्या कढीसाठी दही आणायला खाली सुपरमार्केटमध्ये पाठवलं, तर तोही मागे आला. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. तो म्हणाला, "एक विचारू? काकांचं बोट असं किती दिवस चाललंय?"

मी म्हटलं, कसं?

"तू आत्ता केलंस तसं."

मला काही समजेना. मी म्हटलं ती त्यांची लकब आहे. तो म्हणाला, लकब नाही. बोट बधिर आहे. शुगरमुळे असेल, काही महिने झाले. हलका ट्रिगर त्यांना लागतच नाही, बोट टेकलंय हे कळायच्या आत गोळी सुटते. जड असला तर दाब हातभर जाणवतो, मग जमतं. गेल्या आठवड्यात गाडीत काकांनी स्वतःच सांगितलं, पण मावशीला सांगू नका म्हणाले. डॉक्टरला दाखवायला तो मागे लागला होता, आणि काका नुसतं इन्शाल्ला म्हणत होते. मी किती दिवसांपासून बघतोय एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, कारण मी त्यांना जास्त बघतो.

लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, बंद झालं, आम्ही आतच.

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी मला काकांच्या बोटाचं वाईट वाटायला हवं होतं. ते नंतर वाटलं. आधी वाटलं ते हे की, त्याला सांगितलं. गाडीत. त्या पुढच्या सीटवर. मी दर शनिवारी ते बोट चोळताना बघत होतो, आरशासमोर बसवत होतो, फुंकर किती लांब घालायची याची प्रॅक्टिस करत होतो, आणि काकांनी सांगितलं महिन्याभराच्या पाहुण्याला.

वर आलो. दही ठेवलं. काका त्याला म्हणाले, "तू बस रे, उभा का?" तू. मी ऐकलं. मावशीने ऐकलं नसेल, बहिणीने ऐकलं नसेल. मी ऐकलं.

संध्याकाळी काका मला नेहमीसारखे मुसफ्फाला सोडायला निघाले. त्या दिवशी पुढची सीट माझी होती. मुसफ्फाचा पूल येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. काकांनी दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. शेवटी मी म्हटलं, काका, बोटाचं मला का नाही सांगितलं?

त्यांनी आरशात बघून लेन बदलली. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू त्याची नक्कल केली असतीस."

मी म्हटलं, नसती केली.

"केली असतीस. चांगली केली असतीस. मग मी पण हसलो असतो, सगळे हसले असते, आणि ते तिथेच संपलं असतं. मला ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं रे."

मला कुणाचाच आवाज सुचला नाही. एरवी अशा वेळी मी मॅनेजर काढतो, नाहीतर वॉचमन. पुढे एक टँकर रखडत चालला होता, काका शांतपणे त्याच्या मागे चालवत राहिले, ओव्हरटेक केलं नाही. माझ्या बिल्डिंगपाशी गाडी लावून म्हणाले, मॅचला तूच चल, त्याला मी बोललोय तसं. रायफल पण तूच निवड, ट्रिगरमधलं तुला कळतं.

म्हणजे जागा मला मिळाली. पण ती मिळाल्याचंही आधी त्यालाच कळलं होतं.

मॅचच्या सकाळी काउंटरवर रेंजमास्तर हसत म्हणाले, "कौन सा नंबर, साहब?" पाच नंबर त्यांच्या मागे उभी होती. काळी, सडपातळ, मला ओळखत असल्यासारखी. ती घेतली तर माझे गुण त्या जावयाच्या तोंडावर मारण्यासारखे येणार होते, आणि काका भर मॅचमध्ये चौकटीचे टवके उडवत बसणार होते. सहा नंबर घेतली तर काकांचं भागणार होतं, आणि मी म्हैस उठवत बसणार होतो, काचेपलीकडे तो इस्त्रीचा शर्ट बघत असताना. तिसरा मार्ग पण होता. सहा नंबर घ्यायची, आणि माझ्या जागी त्याला उभं करायचं, कारण सहा नंबरवर त्याचा हात माझ्यापेक्षा कैक पटींनी चांगला. हा मार्ग मला दिसला. नीट दिसला. पण मी काय संत नाही. मी म्हटलं, सहा नंबर, और मैं ही खेलूँगा. तसं कोणी विचारलं नव्हतं.

काका आधी. ते आडवे पडले, कोपर टेकवले, आणि सावकाश, एकेक गोळी, जेवण झाल्यावर बडीशेप खावी तसे मारत गेले. किल्ल्याची भिंत त्यांना मानवली. बोट भिंतीला लागतंय हे त्यांना कळत होतं, ते मला त्यांच्या खांद्यावरून कळत होतं. फुंकर नाही, चोळणं नाही. शेवटची गोळी झाली तेव्हा ते तसेच पडून राहिले थोडा वेळ, मग उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचा कागद वर्षातला सगळ्यात चांगला होता.

मग मी. पहिली गोळी खाली उजवीकडे. दुसरी तिच्यापेक्षा खाली उजवीकडे. जड ट्रिगरला मी बोटाने नाही, अख्ख्या हाताने ओढत होतो, आणि सुटायच्या क्षणी नळी मान टाकत होती. मला काकांच्या कागदाचा सत्यानाश होताना दिसत होता. मान वळवली तर काचेपलीकडे मावशी, बहीण आणि तो. तो हाताने खूण करत होता: सावकाश.

तेव्हा मला एकच गोष्ट सुचली, कारण मला येतेच ती एक. मी तो झालो. खांदे खाली सोडले, तो सोडतो तसे. श्वास अर्धा टाकून थांबलो, तो थांबतो तसा, पोळीचं परमिट मिळेपर्यंत थांबावं तसा. ओठ किंचित उघडे, गाल रायफलवर उशी समजून. बोटाचं फक्त पहिलं पेर, बाकी हात झोपलेला. जेवायच्या टेबलावर महिनाभर जे वेडावून दाखवत होतो ते सगळं लावलं, यावेळी हसवायला नाही. आणि ती भिंत, मी बाद केलेली, हळूच आली, थांबली, आणि तुटली. कागदाच्या मधोमध. पुढची पण. त्याच्या पुढची पण. मला एवढा राग आला की विचारू नका. मी चांगला मारत होतो आणि दर गोळीला श्रेय त्याचं होत होतं.

कप मिळाला नाही. मधेच कुठेतरी आलो, लाज वाटणार नाही अशा जागी. मी उठलो तर काका काचेच्या दारातून त्यालाच सांगत होते, "बघितलंस? शेवटच्या सगळ्या अगदी तुझ्यासारख्या मारल्या याने." तो म्हणाला, माझ्यापेक्षा चांगल्या. आणि वर हे.

त्या दुपारी जेवताना काकांनी स्वतःच मावशीसमोर बोटाचं काढलं. जावयाने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, आठवड्याच्या मधली, त्यासाठी रुवैसहून सुट्टी टाकून येतो म्हणाला. मावशी रडली, मग रागावली, मग गोड बंद म्हणून त्याने आणलेला खजुराचा डबा कपाटात वर ठेवला. मला कोणी काही म्हटलं नाही, म्हणजे ये पण नाही आणि येऊ नको पण नाही.

मी मॅनेजरला सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि त्याची गाडी यायच्या आत अल रीमला बिल्डिंगच्या दारात जाऊन उभा राहिलो. काका खाली आले, मला बघून म्हणाले, तू कशाला आलास, साधं रक्त तपासायचंय. मी म्हटलं, इथून चाललो होतो. मुसफ्फाहून अल रीम हे कुणाच्याच वाटेवर नाही, पण ते काही बोलले नाहीत. काका पुढे बसले. मी मागे.

गाडी निघाली. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मागे एसी येतोय ना? मी म्हटलं, येतोय की, मस्त येतोय.

येत नव्हता.